प्रभारी सरकार

बोरटेकची शाळा लाल आली, ही बातमी मला माझ्या शाळेच्या स्टाफरूममध्ये कळली. सांगितली ती चित्रकलेच्या पाठक सरांनी. दुसऱ्याच्या घरची वाईट बातमी सांगताना या गृहस्थांचा चेहरा फार उजळतो. "इंगोले मॅडम, तुमच्या ह्यांची शाळा लाल झाली म्हणे," असं म्हणून त्यांनी स्वतःचा चहा माझ्याकडे सरकवला. मी तो पिऊन टाकला. त्यांच्यावरचा राग चहावर काढण्यात काही अर्थ नव्हता.

मी तालुक्याच्या खासगी हायस्कुलात विज्ञान शिकवते. आम्ही राहतो मात्र बोरटेकला, कारण माझे यजमान दिगंबर इंगोले तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक आहेत. मुख्याध्यापक म्हणजे काय, तर शाळेत एकटेच. पहिली ते पाचवी, मंजूर शिक्षक तीन आणि हजर माणूस एक. पहिलीला अक्षरं गिरवायला लावायची, तेवढ्यात चौथीला भागाकार दाखवायचा, तेवढ्यात खिचडीचा तांदूळ मोजून द्यायचा आणि या सगळ्यात वरून कुणी ऑनलाइन माहिती मागितली की ती भरून पाठवायची. या माणसाला कुणाला नाही म्हणता येत नाही. लग्नाच्या वेळी हा मला गुण वाटला होता.

लाल येणं म्हणजे काय ते आधी सांगते. पूर्वी सरकारी शाळेतली पोरं मागे पडली की खापर फोडायला एकच डोकं असायचं, मास्तराचं. वरचे सगळे हात झटकून मोकळे. ते थांबवायला शालेय दायित्व कायदा आला आणि त्याच्यासोबत दायित्वमापक आला. गावात त्याला सगळे दोषकाटा म्हणतात.

वर्गाच्या छताला ताटाएवढी एक चकती लावलेली असते. ती पोरांचं वाचन ऐकते, कोण कुठे अडखळलं, गणित कुठल्या पायरीला अडलं हे टिपते, आणि वर्षभरात वर्ग किती पुढे गेला हे ठरवते. पुरेसा गेला नसेल तर शाळा लाल. इथवर नवल काही नाही. नवल पुढे आहे. मी आठवीला शिकवते तसं सांगते. रोप सुकलं, तर पाणी कमी पडलं की ऊन, हे कसं ओळखायचं? दोन सारख्या कुंड्या घ्यायच्या, बाकी सगळं तेच ठेवायचं आणि एकीत फक्त पाणी वाढवायचं. जो फरक पडेल तो पाण्याचा. शाळेच्या मात्र दोन कुंड्या करता येत नाहीत. म्हणून दोषकाटा संगणकात त्या शाळेच्या हजारो जुळ्या शाळा उभ्या करतो. एकीत छप्पर गळत नाही, एकीत पुस्तकं वेळेवर येतात, एकीत शिक्षक पूर्ण आहेत. मग त्या सगळ्या शाळांमध्ये वर्ष पुढे सरकवून बघतो, पोरं किती शिकली असती.

फरक हाती आला की यंत्र एकच प्रश्न विचारतं. ही गोष्ट बदलण्याची सत्ता कुणाच्या हातात होती? त्या पदाच्या नावावर तेवढा दोष. हेतू काय होता, अडचण काय होती, हे ते विचारत नाही. निम्म्याहून जास्त दोष ज्याच्या नावावर आला, तो निलंबित. आणि तो माणूस शाळेतलाच निघाला तर शाळाही बंद, पोरं तालुक्याच्या समूह शाळेत. बोरटेकहून तालुका म्हणजे दोनदा एसटी बदलायची. मुलगे गेले असते. मुलींचं काय झालं असतं, ते गावात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

त्या दिवशी घरी आले तर हे ओट्यावर बसून चौथीच्या वह्या तपासत होते.

"अहो, काहून गप्प बसले?" मी विचारलं.

"काय बोलू, कुंदा? यंत्र काय खोटं बोलून राह्यलं का? तिसरीच्या अर्ध्या पोरांले अजून हातचा समजत नाई. मी समजवाले बसलो की दुसरीत मारामारी होते."

"मग हे लिहून पाठवलं नाही का वर?"

"पाठवलं ना. तर गट शिक्षणाधिकारी साहेबाची मलेच नोटीस आली, निकाल कमी का म्हणून. मी खुलासा दिला. त्याच्यावर पुन्हा नोटीस आली."

मला त्या साहेबाचा असा संताप आला की सांगायची सोय नाही. तालुक्यातल्या सगळ्या शाळांचा हा मोठा साहेब, पण कित्येक वर्षांत कुणी त्याला पाहिलेलं नव्हतं. कचेरीत गेलं की खोडके बाबू सांगायचे, साहेब दौऱ्यावर आहेत. मी यांच्यावरही चिडले. नोटिशीला 'महोदय' लिहून उत्तर देणाऱ्या माणसावर चिडायचं नाही तर काय करायचं? त्या आठवड्यात आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो. रस्त्यात भेटणाऱ्या आयाबायाही मला बघून पदर सावरत दुसरीकडे बघायला लागल्या होत्या.

मग दोषकाट्याचा पहिला अहवाल आला. तो नेहमी गावाच्या सरपंचाकडे येतो आणि त्यात फक्त पदं असतात. आमच्या सरपंच यमुनाबाई जुमडे तडक शाळेत आल्या. माझ्या हायस्कुलाला त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून मीही तिथेच होते. त्यांची नात चैताली तिसरीत आहे. शाळा बंद होण्याच्या बोलण्याने त्यांनी जेवण सोडलं होतं.

"वाचा मॅडम," त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "माझा चष्मा राह्यला घरी. चांगलं असन तर मोठ्यानं वाचा."

मी वाचलं. मुख्याध्यापक, नऊ टक्के. त्यांच्या वरचे केंद्रप्रमुख, अकरा. त्यांच्या वरचे विस्तार अधिकारी, पंचवीस. आणि सर्वांच्या वरचे गट शिक्षणाधिकारी, पंचावन्न.

"म्हंजे?" यमुनाबाई.

"म्हणजे साहेब गेले. आपले सर सुटले, शाळाही वाचली."

यमुनाबाईंनी दोन्ही हात जोडून छताच्या चकतीला नमस्कार केला. "बाप्पा, पहिल्यांदा कोणी खरं बोललं!" पोरांना काही कळलं नाही, पण सुट्टी मिळणार असं वाटून त्यांनीही ओरडून घेतलं. माझा जीव भांड्यात पडला. नऊ टक्के! पन्नास ओलांडायची भीती होती तिथे नऊ. मी सगळ्यांसमोर यांच्याकडे बघून हसले. त्या आठवड्यातलं ते पहिलं हसू.

दुसऱ्या दिवशी नावांचा अहवाल आला. चार पदं, चार टक्के, आणि प्रत्येकापुढे एकच नाव होतं. दिगंबर नारायण इंगोले.

काहीतरी चूक असणार, असं समजून मी रजा टाकली आणि आम्ही दोघं मोटारसायकलवर तालुक्याच्या कचेरीत गेलो. साहेबांच्या दालनाचं दार उघडं होतं. आत खुर्ची होती, खुर्चीच्या पाठीवर धुतलेला पांढरा टॉवेल होता. साहेब नव्हते. बाहेर खोडके बाबू होते, निवृत्तीला टेकलेले, पान लावत बसलेले.

"चूक नाई ना सर," खोडके म्हणाले. "तुमीच आहा की साहेब."

"कोण?"

"तुमी. केंद्रप्रमुख रिटायर झाले, त्याहीचा चार्ज तुमच्याकडे आला, आला ना?"

"तो आला. ते मले माहीत आहे."

"मंग विस्तार अधिकारी रिटायर झाले. नव्या प्रणालीत जागा रिकामी ठेवता येत नाई, ती आपोआप खालच्या माणसाकडे जाते. खाली केंद्रप्रमुख. म्हंजे तुमी. मंग मोठे साहेब बदलून गेले. त्याहीच्या खाली विस्तार अधिकारी. म्हंजे पुन्हा तुमीच. पण जबरदस्ती नाई हां. प्रणाली तुमाले विचारते, कार्यभार मान्य आहे का. तुमी 'मान्य' दाबलं."

"मी कधी दाबलं?"

खोडकेंनी संगणकावर दाखवलं. हे बघत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "हे तर खिचडीचं पान आहे."

ते खिचडीचंच पान होतं. रोज किती पोरं जेवली, हे भरल्याशिवाय तांदूळ येत नाही. त्या पानावर कधीकधी आधी एक सूचना यायची आणि 'मान्य' दाबल्याशिवाय पान पुढे उघडायचं नाही. पोरं ताटं घेऊन उभी, सूचना दोन पानं लांब. यांनी दाबलं. महाराष्ट्रातला कुठलाही मास्तर दाबेल.

"आणि मले नोटिसा पाठवे तो कोण?" यांचा आवाज चिरकला.

"प्रणाली पाठवते. सही तुमचीच पडते. तुमचे खुलासेही मस्त राहत, सर. पण साहेबानं ते कधी उघडूनच नाई पाहिले," खोडके म्हणाले आणि आपण काय बोललो ते ध्यानात येऊन त्यांनी पान तोंडात टाकलं.

"पण जिल्ह्याला कळलं नाही का, इथे साहेबच नाही म्हणून?" मी विचारलं.

"जिल्ह्याले तर जागा भरलेली दिसते, मॅडम. भरलेल्या जागेवर माणूस काहून पाठवतीन?"

बाजूच्या हॉलमध्ये ओळीने संगणक होते आणि प्रत्येकासमोर एकेक शिक्षक बसलेला. त्यातले दोघं बोरटेकचे, आडे सर आणि गवई मॅडम. 'कामगिरीवर' होते. कामगिरी म्हणजे पगार शाळेचा आणि माणूस कचेरीचा. आम्हाला बघून गवई मॅडम उठून आल्या. "सर, पोरं कशी आहेत हो माझी?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता डोळे पुसले. त्या तिथे दिवसभर काय करायच्या? दोषकाट्याला लागणारी माहिती भरायच्या.

परत येताना हे गाडी फार हळू चालवत होते.

"शंभर टक्के, कुंदा. शाळेत असतानाबी कधी मले एवढे मिळाले नाई."

मला हसूही येत नव्हतं आणि रडूही. शंभर टक्के दोषी माणूस आणि तो शाळेतला. म्हणजे गावासमोरच्या सुनावणीत निलंबन तर होणारच, शाळाही जाणार. चैताली आणि तिच्यासारख्या पोरी घरी बसणार, आणि गावाने म्हणायचं की इंगोले सरांमुळे.

"मी राजीनामा देऊन टाकतो," हे म्हणाले. "सुनावणीच्या आधीच. म्हंजे शाळेवर बालंट नको."

"कुणाकडे देणार?"

"कोणाकडे म्हंजे? गट शिक्षणाधिकारी..." आणि हे थांबले.

मग मात्र आम्ही दोघंही हसलो. गाडी बाजूला घ्यावी लागली. बाभळीखाली उभं राहून पोट दुखेपर्यंत हसलो, आणि हसता हसता माझ्या मनातला यांच्यावरचा राग कधी निघून गेला, कळलंही नाही. भीती मात्र होती तिथेच होती.

जनसुनावणी शाळेच्याच पटांगणात, मांडव घालून झाली. जिल्ह्याहून दायित्व आयोगाच्या सायमा काझी मॅडम आल्या होत्या. तरुण, नीटनेटक्या, आणि खरंच सांगते, मला वाटलं होतं त्याहून पुष्कळ भल्या. त्यांनी पडदा लावला आणि नियम सांगितला. "ज्यांच्या नावावर दोष आहे त्यांना सुधारणेची एक संधी असते. त्यांनी उपाय सांगायचा. यंत्र तो जुळ्या शाळांवर लावून बघेल. वर्षभरात आलेख या हिरव्या रेषेच्या वर गेला, तर निलंबन नाही आणि शाळाही बंद होणार नाही."

हे उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, हात मागे बांधलेले. "मी सकाळी शाळेच्या आधी जादा तास घेईन."

पडद्यावर आलेख जरासा चढला आणि पुन्हा खाली आला.

"यंत्राच्या हिशेबात शिक्षकाचा थकवाही असतो," काझी मॅडम म्हणाल्या. "आणखी काही?"

"रविवारीही घेईन. दिवाळीच्या सुट्टीतही."

आलेख आधीपेक्षाही खाली गेला. मागून यमुनाबाई ओरडल्या, "अहो, त्या यंत्राले सांगा, हा माणूस आधीच अर्धा झाला आहे! याच्यातून आणखी काय काढता?"

"उपाय त्यांनीच सांगायचा आहे, आजी. दुसऱ्या कुणी नाही," काझी मॅडम म्हणाल्या. त्यांचाही आवाज उतरला होता. "सर, तिसरा काही उपाय?"

"नाही, मॅडम," हे म्हणाले आणि खाली मान घालून उभे राहिले.

मी त्या झुकलेल्या मानेकडे बघत होते. आयुष्यभर हा माणूस स्वतःच्या अंगावर घेण्याशिवाय दुसरा उपायच शिकला नव्हता. त्याला विचारलं, काय बदलता येईल, तर तो स्वतःचीच झोप पुढे करणार. आणि तेव्हा मला यंत्राचा तो एकुलता एक प्रश्न नव्याने ऐकू आला. सत्ता कुणाच्या हातात होती? पंचावन्न टक्के दोष यांच्या नावावर आला, तो या मास्तराचा नव्हता. तो त्या पांढऱ्या टॉवेलच्या खुर्चीचा होता. दोष आला म्हणजे सत्ताही आली असणार, यंत्राला तिसरं काही ठाऊकच नाही.

मी उठले. जनसुनावणीत कुणालाही प्रश्न विचारता येतो.

"माझा प्रश्न गट शिक्षणाधिकारी साहेबांना आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हेही.

"साहेब, या शाळेचे दोन शिक्षक तुमच्या कचेरीत कामगिरीवर आहेत. ते परत का पाठवत नाही?"

"ते... ते साहेबाच्या हातात..." हे बोलले आणि त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"तेच विचारते आहे. साहेब, तुम्ही आहात ना?"

यांनी मागे बांधलेले हात सोडले आणि कचेरीचे कागद घेऊन बाजूला बसलेल्या खोडके बाबूंकडे हे वळले. आमच्या सगळ्या संसारात मी यांचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. "खोडके, आडे सर आणि गवई मॅडमची कामगिरी रद्द. उद्यापासून दोघंही बोरटेकला."

खोडके सवयीने उठून उभे राहिले. "पण साहेब, ते दोघं गेले तर माहिती कोण भरीन?"

"कशाची माहिती?"

"या शाळेत शिक्षक काहून नाई, त्याची."

मांडव हसून हसून लोळायचा बाकी राहिला. काझी मॅडमनाही हसू आवरेना. मग त्यांनी कायद्याची पानं चाळली.

"कायद्यात प्रभारी आणि कायम असा फरक केलेला नाही," त्या म्हणाल्या. "दोष पूर्ण लागतो, तर अधिकारही पूर्ण आहे. आदेश वैध धरते. यंत्राला देऊ या."

आलेख सुरुवातीला रेंगाळला, मग चढायला लागला. दुसरीच्या वाचनाला वेग आला, तिसरीला हातचा जमला. हिरवी रेषा ओलांडून तो वर गेला आणि वरच राहिला. यमुनाबाईंनी चैतालीला कवेत घेतलं. मी रडले. लपवण्यासारखं त्यात काही नाही, विज्ञान शिक्षिकेलाही रडू येतं. यांनी मात्र माझ्याकडे बघितलंच नाही, कारण हे अजून खोडकेंशी बोलत होते.

"तालुक्यात असे कामगिरीवर आणखी किती शिक्षक आहेत?"

"हॉलभर आहेत, साहेब."

"सगळ्यांची रद्द. सही आताच घ्या."

पुढचं आठ दिवसांत झालं. इतकी वर्षं जिल्ह्याला ती जागा भरलेली दिसत होती, तोवर कुणाला काही घाई नव्हती. त्या जागेवरून एक आदेश निघाला मात्र, वरच्या सगळ्यांना एकदम जाग आली. गट शिक्षणाधिकारी म्हणून टेकाडे नावाचे खरेखुरे, कायमचे साहेब रुजू झाले. विस्तार अधिकारी आले, केंद्रप्रमुख आले. यांच्याकडे फक्त शाळा उरली. यांनी घरी येऊन टोपी खुंटीला लावली आणि पंधरा मिनिटं नुसते झोपाळ्यावर बसून राहिले. हातात वही नाही, फोन नाही. मला तो माणूस इतका आवडला की मी शेवटी शेवयांची खीर केली.

खीर खात असतानाच टेकाडे साहेबांचा फोन आला. यांनी तो मलाही ऐकू येईल असा लावला.

"इंगोले, तुम्ही प्रभारी असताना काढलेला तो कामगिरी रद्दचा आदेश. कचेरी ओस पडली आहे माझी. मी त्याला स्थगिती द्यायचा विचार करतो आहे."

यांनी चमचा वाटीत ठेवला. मला वाटलं, आता 'हो साहेब' म्हणणार.

"द्या ना, साहेब," हे अगदी अदबीने म्हणाले. "अधिकार तुमचाच आहे. फक्त आता टक्केही तुमच्या नावावर येतील."

पलीकडे कागद परत फाइलमध्ये सरकवल्याचा आवाज आला.

"असू द्या मग," साहेब म्हणाले. "असू द्या, असू द्या. पोरं शिकू द्या."